कापलेली चासी हेही अस्सल साधनच!

१/
जुन्या पिकअप गाडीची चासी घरच्या अंगणात कापणारा माणूस हा वारशाचा शत्रू असतो, हे मत जुन्या मोटारींच्या दुनियेत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की आता ते सिद्धान्ताच्या थाटात वावरते. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली, तर तो इतिहास. तिचा सांगाडा कापला, पाटे बदलले, ती खाली बसवली, की तो विध्वंस. या धाग्याचे प्रतिपादन याच्या विरुद्ध आहे. अमेरिकेतील जुन्या पिकअपच्या सांगाड्यावरचा घरगुती वेल्डिंगचा सांधा हे सामान्य माणसाने मागे ठेवलेले अस्सल साधन आहे. ‘मूळ अवस्थे’च्या नावाखाली तो सांधा घासून नाहीसा करणे, हाच खरा विध्वंस. (धागा)

२/
प्रथम ही वस्तू नीट समजून घेणे आवश्यक आहे. पिकअपची चासी शिडीसारखी असते: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. केबिन आणि मागचा हौदा या शिडीवर बोल्टांनी बसवलेले असतात. शिडी आणि चाके यांच्यामध्ये एक्सल, पाटे किंवा कॉइल स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर येतात. या रचनेमुळे साखळीची कप्पी, चार मजबूत ठोकळे आणि दोन-तीन मित्र एवढ्या भांडवलावर वरचा सगळा भाग उचलून बाजूला ठेवता येतो व सांगाडा उघडा करता येतो. घरी काम करणे शक्य झाले, ते या रचनेमुळे.

३/
आता ‘मूळ अवस्था’ या शब्दाची चिकित्सा करू. २७ जुलै १९१७ रोजी फोर्डने ‘मॉडेल टीटी’ हा एक टनी ट्रक जाहीर केला. आरंभीच्या वर्षांत हा ट्रक विकला जाई, तो केवळ चासी म्हणून. केबिन नाही, हौदा नाही. ते गिऱ्हाइकाने करून घ्यायचे: गावच्या सुताराकडून, लोहाराकडून, एखाद्या छोट्या कारखान्याकडून, नाहीतर स्वतःच्या हाताने. १९१८ मध्ये बाजारात आलेले शेव्हरोलेचे पहिले ट्रकही असेच बिनहौद्याचे होते. अशा गाडीची ‘मूळ अवस्था’ कोणती? कारखान्याच्या दारातला अर्धा सांगाडा, की शेतकऱ्याच्या कोठारात पूर्ण झालेला ट्रक?

४/
फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली पिकअप आणली ती १५ एप्रिल १९२५ रोजी. किंमत २८१ डॉलर. म्हणजे वापरणाऱ्यांनी आपल्या अंगणात जे आधीच करून दाखवले होते, तेच कारखान्याने पुढे किंमत लावून विकले. शुद्धतावाद्यांच्या कथेत कारखाना हा निर्माता आणि गिऱ्हाईक हा बिघडवणारा असतो. पिकअपच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक आधी आणि कारखाना मागून, असाच क्रम दिसतो.

५/
खेड्यांतील चित्र तर याहून बोलके आहे. ‘मॉडेल टी’चे मागचे चाक जॅकवर उचलून, त्याला पट्टा जोडून शेतकरी लाकूड कापत, धान्य दळत, पाणी उपसत. गाडीचा ट्रॅक्टर करण्याचे संच बाजारात मिळत. महामंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जेव्हा ट्रॅक्टर परवडत नव्हता किंवा मिळतच नव्हता, तेव्हा जुन्या मोटारी-ट्रकांची चासी आखूड करून, एकामागे एक दोन गिअरबॉक्स बसवून घरगुती ट्रॅक्टर बनवले गेले. लोकांनी त्यांना ‘डूडलबग’ हे लाडके नाव दिले. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ग्रामीण अमेरिकेतील मोटारीवर लिहिताना हाच मुद्दा मांडला: यंत्राचा अर्थ वापरणाराही घडवत असतो.

६/
हे कौशल्य आकाशातून पडले नव्हते. फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा संमत झाला आणि शाळांतील शेती, उद्योग व गृहशास्त्र यांच्या व्यावसायिक शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. १९३३ मध्ये लिंकन इलेक्ट्रिक कंपनीने आर्क वेल्डिंगची आपली कार्यपुस्तिका प्रथम प्रसिद्ध केली. पुढे महायुद्धातील जहाज आणि विमान कारखान्यांनी असंख्य स्त्री-पुरुषांना धातू कापायला आणि जोडायला शिकवले. अंगणातला सांधा हा या सार्वजनिक शिक्षणाचा परिपाक आहे. त्याला ‘अडाण्याची ठोकाठोकी’ म्हणणाऱ्याला हा शैक्षणिक इतिहासच ठाऊक नसतो.

७/
येथे एक आक्षेप हमखास येतो. शेतकऱ्याची ती गरज होती. पुढच्या पिढीतल्या तरुणांनी गाड्या खाली बसवल्या, तो निव्वळ थिल्लरपणा. गरज तेवढी इतिहासात जावी आणि हौस कचऱ्यात, हा न्याय मात्र विचित्र आहे. पैठणीची नक्षी, वाड्याच्या खांबावरचे कोरीवकाम, तलवारीच्या मुठीवरची कलाकुसर यांपैकी कशालाही ‘गरज’ नव्हती. हौसेतूनच समाजाची अभिरुची कळते, आणि अभिरुचीवाचून लिहिलेला इतिहास म्हणजे केवळ वसुलीची वही.

८/
शिवाय ती केवळ हौसही नव्हती. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण वेगाच्या शर्यती लावत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. गाडी जमिनीलगत आणली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते, हे या मुलांनी वाकवलेल्या एक्सलवर आणि कापलेल्या चासीवर प्रत्यक्ष पडताळून पाहिले. मागच्या तुळया कापून, मधला तुकडा उभा जोडून, सांगाड्याला इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा बाक देण्याची युक्ती याच परंपरेत रुळली.

९/
पिकअप खाली बसवण्याचे तंत्र काय असते? फोर्डच्या एफ-१०० सारख्या गाड्यांत मागचे पाटे एक्सलच्या वर बसलेले असतात. तेच पाटे एक्सलच्या खाली घेतले, की एक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या थराची जाडी जेवढी, साधारण तेवढी गाडी खाली येते. सांगायला हे एका वाक्याचे काम आहे. प्रत्यक्षात पाट्यांची नवी बैठक एक्सलवर वेल्ड करताना डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन अचूक राखावा लागतो. तो चुकला तर प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतो. कोनमापक हाती घेतल्याशिवाय हे काम होत नाही.

१०/
गाडी खाली आली की दुसरी अडचण उभी राहते: खड्ड्यात चाक वर उसळले की एक्सल थेट तुळईवर आदळतो. म्हणून एक्सलच्या बरोबर वर तुळईला अर्धगोल खाच पाडतात. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी दिसते म्हणून ती ‘सी-नॉच’. पण तुळईची ताकद तिच्या उंचीत असते. उंची निम्मी झाली तर वाकण्याला विरोध करण्याची क्षमता निम्म्याहूनही कमी उरते. म्हणून खाचेभोवती तितक्याच किंवा अधिक जाडीची वक्र पट्टी बसवून, उघडी बाजू पत्र्याने बंद करून तुळईची पेटी करतात. जे काढून घेतले, ते दुसऱ्या रूपात परत द्यायचे, हा या कामाचा धर्म आहे.

११/
कापण्यापूर्वी सांगाडा समतल ठोकळ्यांवर ठेवून, कर्ण मोजून, तात्पुरते आडवे दांडे वेल्ड करून तो जखडून टाकतात. नाहीतर कापताक्षणी तुळई आपली रेषा सोडते. वेल्डिंगही सलग करीत नाहीत. थोडे येथे, थोडे तेथे, मध्ये थंड होऊ देत. कारण उष्णतेने पोलाद ओढले जाते आणि सांगाडा पिळवटतो. ज्या हातांनी हे सांभाळले त्यांना ‘तोडफोड करणारे’ म्हणणे म्हणजे शस्त्रवैद्याला आणि मारेकऱ्याला एकाच पंक्तीत बसवणे, कारण दोघांच्याही हाती सुरी असते!

१२/
पुढच्या बाजूची कथाही अशीच. १९४७ साली आलेल्या शेव्हरोले पिकअपला पुढे सरळ, अखंड एक्सल होता. १९६० मध्ये त्याच कंपनीने टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन दिले आणि १९६३ मध्ये ते टाकून कॉइल स्प्रिंग घेतल्या. १९६५ मध्ये फोर्डने पिकअपला ‘ट्विन आय-बीम’ दिला. कारखाने स्वतःच आपले ‘मूळ’ दर काही वर्षांनी मोडीत काढत होते. घरच्या कारागिराने १९७४ ते १९७८ च्या ‘मस्टँग टू’चे पुढचे सस्पेन्शन जुन्या चासीला जोडले, तेव्हा त्यानेही तेच केले. त्याचे नाव मात्र जाहिरातीत छापले गेले नाही.

१३/
अलीकडच्या काळात जुन्या एफ-१०० खाली २००३ ते २०११ च्या ‘क्राउन व्हिक्टोरिया’चे पुढचे सस्पेन्शन बसवण्याचा प्रघात पडला आहे. क्राउन व्हिक्टोरिया ही एके काळी अमेरिकी पोलिसांची नेहमीची गाडी होती. हा तपशील गमतीचा वाटेल; पण यापुढचा इतिहास वाचल्यावर त्यातला उपरोध ध्यानात येईल. कारण गाडी खाली बसवणाऱ्यांच्या मागे सर्वाधिक लागले ते पोलीसच.

१४/
१९५८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले. मोटार असो की सहा हजार पौंडांखालचे व्यापारी वाहन, मूळ रचनेत बदल करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणला असेल, तर ती रस्त्यावर चालवणे गुन्हा ठरला. ‘मूळ रचना’ ही कल्पना येथे प्रथम संग्रहालयातून निघून पोलीस चौकीत आलेली दिसते.

१५/
या कलमाला तांत्रिक आधार नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. टायर फुटून गाडी रिमवर आली, तर रिमच्या खाली लोंबणारा भाग रस्त्याला घासतो आणि ताबा सुटू शकतो. ही भीती खरी आहे. पण कलमाने सांधा तपासला नाही, ब्रेक तपासला नाही, स्टिअरिंगची जोडणी तपासली नाही. त्याने केवळ उंची मोजली. फुटपट्टी लावून सुरक्षितता मोजता येत नाही. फुटपट्टीने एवढेच ठरते की कोणत्या मोहल्ल्यातली गाडी थांबवायची.

१६/
१९५९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील रॉन अगिरे याने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ नावाच्या कॉर्व्हेटला युद्धोत्तर भंगारातील विमानांचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बसवले. कळ दाबली की गाडी कायदेशीर उंचीवर. पुन्हा दाबली की जमिनीलगत. मोटारीत हायड्रॉलिक्स आणण्याचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. ज्या नाचणाऱ्या गाड्या आज जगभर ‘तमाशा’ म्हणून पाहिल्या जातात, त्यांचा उगम एका कायद्याला दिलेल्या यांत्रिक उत्तरात आहे. हे उत्तर देणारे बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कामगारांचे मुलगे होते.

१७/
पुढे प्रकरण उंचीवरही थांबले नाही. १९८० च्या दशकात राज्याने स्थानिक संस्थांना ‘क्रूझिंग’वर, म्हणजे एकाच रस्त्यावरून संथपणे पुन्हा पुन्हा गाडी फिरवण्यावर, बंदी घालण्याची मुभा दिली. नॅशनल सिटी या शहराने १९९२ मध्ये अशी बंदी घातली. ती २०२३ मध्ये उठली. त्याच वर्षी राज्याने ‘एबी ४३६’ हा कायदा संमत केला आणि १ जानेवारी २०२४ पासून क्रूझिंगबंदी व कलम २४००८ दोन्ही इतिहासजमा झाली. उंचीच्या गुन्ह्याला गुन्हा नव्हता असे म्हणायला राज्याला सहा दशकांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात भरलेले दंड कोणी परत केले नाहीत.

१८/
‘मूळ रचना’ किती पवित्र असते, याचा आणखी एक पुरावा जकातीच्या दफ्तरात सापडतो. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला. त्याच्या प्रत्युत्तरात अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. लोक तिला ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. मग जपानमध्ये बनलेल्या फोर्ड कुरिअर आणि शेव्हरोले लव या पिकअप बिनहौद्याच्या, ‘केबिन आणि चासी’ म्हणून आणल्या जात. त्यावर जकात केवळ ४ टक्के. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसे. १९८० मध्ये ही पळवाट बंद झाली. कंपनीने जकात चुकवण्यासाठी गाडीचे दोन भाग केले, तो व्यवहार. मुलाने हौसेसाठी तीच गाडी खाली बसवली, तो विद्रूपपणा!

१९/
आता वारशाच्या शास्त्राकडे वळू. १९६४ ची व्हेनिस सनद हा वास्तुसंवर्धनाचा जगन्मान्य पाया. तिचे अकरावे कलम सांगते की वास्तूत भर घालणाऱ्या सर्व कालखंडांच्या योगदानाचा आदर राखावा. एकाच शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. दुर्गप्रेमींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. देवगिरीवर यादवांपासून मोगलांपर्यंत प्रत्येक सत्तेने आपला थर चढवला. ‘मूळ’ यादवकालीन किल्ला हवा म्हणून चांद मिनार पाडावा, असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. मग पिकअपच्या चासीलाच वेगळा न्याय का?

२०/
संस्थांनीही हे हळूहळू मान्य केले आहे. वॉशिंग्टनच्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्यू मेक्सिकोतील चिमायोची ‘डेव्ह्ज ड्रीम’ ही १९६९ ची फोर्ड एलटीडी आहे. मालकाच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाने आणि गाववाल्यांनी ती पुरी केली. १९५० पासून भरणाऱ्या, शुद्धतेचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या पेबल बीचच्या मोटार प्रदर्शनाने १९९७ मध्ये हॉट रॉडला स्वतंत्र वर्ग दिला. पण कसबी नटवलेल्या मोटारींना हा मान मिळाला, तरी रोज विटा वाहणारी, अंगणात खाच पाडलेली पिकअप अजून दाराबाहेरच उभी आहे.

२१/
प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र निर्विवाद आहेत. एक: जी गाडी आजवर कोणीच हात न लावता टिकली आहे, ती दुर्मीळ आहे, तिच्यावर ग्राइंडर चालवू नये. दोन: वाईट सांधा माणूस मारतो, आणि तो आपल्या मालकालाच मारेल असेही नाही. म्हणून परीक्षा हवीच. ती सांध्याची असावी, उंचीची किंवा वंशाची नसावी. पण ‘अस्पर्श गाड्या जपा’ या विधानातून ‘बदललेल्या गाड्या पुन्हा कोऱ्या करा’ हा निष्कर्ष निघत नाही. कोऱ्या केलेल्या गाडीतून एक साधन नष्ट होते आणि कारखान्याच्या माहितीपत्रकाची आणखी एक नक्कल तयार होते.

२२/
वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपुढे अस्सल कागदांची कसोटी ठेवली. हीच कसोटी येथे लावावी. कारखान्याचे माहितीपत्रक ही बखर आहे: धन्याच्या कौतुकासाठी लिहिलेली. चासी हा अस्सल कागद आहे, खाडाखोडीसह. रिव्हेट असेल तर तो भाग बहुधा कारखान्याचा. रिव्हेट काढून बोल्ट घातला असेल तर तेथे कोणीतरी हात घातला होता. गॅस कटरची दातेरी कड वेगळी, करवतीची वेगळी. सांध्याखाली गंज असेल तर कोणीतरी घाईत होता. पोलाद स्वच्छ असेल तर त्याच्यापाशी संयम होता.

२३/
म्हणून मागणी साधी आहे. जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार करणाऱ्याने पहिला सांधा घासण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, माप लिहावे, कोणी व कधी केला ते विचारून ठेवावे. संग्रहालयांनी चकचकीत रंगाबरोबर उघडी चासीही मांडावी. आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ‘मूळ’ हा शब्द वापरण्यापूर्वी विचारावे: कोणाचे मूळ? विकणाऱ्याचे, की वीस वर्षे ती गाडी वापरून पोट भरणाऱ्याचे? ज्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत आणि ज्यांच्या नावे दंडाच्या पावत्या तेवढ्या निघाल्या, त्यांनी पोलादावर लिहून ठेवले आहे. ते वाचण्याचे कष्ट तरी घ्यावेत.

(धागा समाप्त)